व्हिएन्नाचा रस्ता

१

कोल्हापूरच्या कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवून मी निवृत्त झालो आणि खाजणवाडीला परत आलो. तेव्हापासून संध्याकाळी पारावर जाऊन बसायचं, हा माझा नेम आहे. खाजणवाडी मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. पारापासून एक पाणंद जेटीकडे उतरते. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे रचलेल्या दगडांच्या भिंती, मध्ये दगडी पायऱ्या आणि शेवटी एक वळण. वळण घेईपर्यंत समुद्र दिसत नाही. घेतलं की एकदम सगळा दिसतो. त्या वळणापलीकडे रोज समुद्रच असेल असं कशावरून, असं मला लहानपणी वाटायचं.

पारावर पिंपळाखाली गावाच्या राखणदाराचा दगड आहे. मूर्ती नाही. दगडापुढे चामड्याच्या मोठ्या वहाणा ठेवलेल्या असतात. दसऱ्याला नवा जोड ठेवायचा, जुना उचलायचा. जुन्याचे तळवे झिजलेले असतात आणि त्यांना तांबडी माती लागलेली असते. राखणदार गावभर फिरतो, असं म्हणतात. या बाबतीत मी कधी मत दिलेलं नाही. कुणी विचारलेलंही नाही.

कुणी परगावी निघालं की राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं महादू मानकरी घालतो आणि जमलेली माणसं दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. आमच्या वाडीत त्याला आणखी एक जोड आहे. जाणाऱ्याचा रस्ता देवाला सांगायचा. मुंबईचा असेल तर मुंबई बघून आलेला कुणीतरी उठतो आणि सांगतो, बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, मग परळ, गिरणीमागची चाळ. होडी धुक्यात चुकली तर उलटं गाऱ्हाणं. तेव्हा परतीचा रस्ता सांगायचा, आणि होडी जवळ आली असं वाटलं की तिची खूण सांगायची. नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा रंग, शिडाचं ठिगळ. ज्याने रस्ता सांगितला त्यानेच खूण सांगायची. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही.

"खूण कशाक रे?" मी एकदा महादूला विचारलं.

"नायतर खंयची तरी दुसरीच होडी येता, मास्तरानू," तो म्हणाला आणि तंबाखू मळत राहिला. महादू थट्टा करतो आहे की नाही, हे मला कधीच कळलेलं नाही.

२

काशीराम माझा धाकटा भाऊ. त्याची एक होडी आणि एक मुलगी. बायको लवकर गेली. मुलगी चंद्रावती माझ्याकडे कोल्हापूरला राहून शिकली, पुढे मुंबईला डॉक्टर झाली आणि मालवणात डोळ्यांचा दवाखाना घालून बसली. ती पाच-सहा वर्षांची असताना गळाची गरी तिच्या भुवईत घुसली होती. काशीरामाचे हात कापत होते, म्हणून ती मी काढली. तिथे केस पुन्हा आले नाहीत. भुवई मधूनच तुटल्यासारखी दिसते.

अठ्ठावन्न साली तिला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या शिक्षणासाठी व्हिएन्नाला बोलावणं आलं. दसऱ्यानंतर बोटी सुरू झाल्यावर निघायचं ठरलं आणि काशीरामाने गाऱ्हाणं मांडलं.

"व्हिएन्ना म्हणजे गोव्याच्या पलीकडे काय?" महादूने विचारलं.

"खूप पलीकडे," मी म्हणालो.

"मगे देवाक दोन जोड वहाणा लागतले. काशीराम, खिसो सैल सोड." सगळे हसले. मग महादू दगडापुढे उभा राहिला आणि त्याचा आवाज बदलला. "बा राखणदारा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाशी उभी आसत."

"होय म्हाराजा."

"काशीरामाची चली चंद्रावती दर्या ओलांडून परमुलखात जाता. तिच्या पुढे तू चल, तिका तिच्या दारात नेवन पोचय."

"होय म्हाराजा."

"रस्तो सांगा, मास्तरानू."

व्हिएन्ना मी पाहिलेलं नव्हतं. पण त्या शहरात भरलेली राजांची परिषद मी इतकी वर्षं शिकवली होती की शहर माझ्या मनात पक्कं उभं होतं. वर्गात बोलताना मी त्यातून चालत असे. तेच मी सांगितलं. आगगाडीतून उतरलं की दगडी पूल. पूल ओलांडला की उतार, दोन्हीकडे जुन्या भिंती आणि मध्ये पायऱ्या. पायऱ्यांखाली वळण. वळण घेतलं की एकदम मोठा चौक, डोळे दिपतील असा. चौकापलीकडे तिचं राहायचं घर, हिरव्या दाराचं.

"मास्तर जावन इलेले दिसतत," मासळीवाली शेवंती कुणाच्या तरी कानात म्हणाली. मला ते ऐकू आलं. मी नाही म्हणालो नाही.

३

पुढच्या वर्षी पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने चंद्रावती परत आली. तब्येत चांगली होती, रंग उजळला होता. संध्याकाळी ती माझ्या पडवीत येऊन बसली. काशीराम दारात जाळं घेऊन बसला होता. मी राजवाड्याबद्दल विचारलं, संगीताबद्दल विचारलं. ती हसली.

"काका, तुमी सांगलात तसाच होता सगळा. पयल्या दिवशी."

"पहिल्या दिवशी म्हणजे?"

"माका न्हेवक येणारो माणूस स्टेशनार इलोच नाय. सांज झालेली. मगे मी तुमच्या वाटेन चलत रवलंय. पूल लागलो. उतार लागलो. वळणार जावन बगतंय तर ह्यो मोठो चौक. आणि समोर हिरवा दार."

मला बरं वाटलं. इतकी वर्षं पुस्तकांतून मांडलेलं शहर खरं निघालं, याचं कुणालाही बरं वाटेल.

"पायऱ्यांर मातर जपूक व्हया," ती पुढे म्हणाली. "एक पायरी खचलेली आसा. तेतू पाणी साचता. माझो पाय भिजलो."

खचलेल्या पायरीबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. आमच्या पाणंदीत एक पायरी खचलेली आहे. तिच्यात पाणी साचतं. लहानपणी माझा पाय तिच्यात कितीदा भिजला असेल, सांगता येणार नाही. पडवीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं व्हिएन्ना म्हणून जे पाहत होतो ती आमची पाणंद होती. गडग्यांच्या भिंती झाल्या होत्या, समुद्राचा चौक झाला होता. यात विचित्र काही नाही. न पाहिलेलं गाव माणूस पाहिलेल्या गावाच्याच दगडांनी बांधतो. विचित्र एवढंच की तिचा पाय भिजला.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी ती वाट शोधूक गेलंय, तर नाय. सगळा सपाट. रुंद रस्ते, ट्रामी, करडी घरां, कोळशाचो वास. दाराचो रंगसुद्धा तपकिरी. माणसां बरी होती, पण ता शहर माका शेवटपर्यंत परक्याच वाटला. पयल्या दिवसाचा तेवढा आपला."

"दमला असशीत, दुसरा काय," काशीराम जाळ्यावरून मान वर न करता म्हणाला. "प्रवासात मेंदू फिरता."

"बाबा, तुमी रेवंडीच्या पलीकडे गेलास काय कधी?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, सहज बोलावं तसं, "त्या वाटेर माझ्या पुढे कोण तरी काठी टेकत चलत होतो. तोंड नाय बगूक गावला. पण बरा वाटला. वाट चुकाची भीती नाय."

४

मी मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून व्हिएन्नाचा नकाशा मागवला. स्टेशनापासून तिच्या घरापर्यंत बोट फिरवलं. पूल नव्हता. उतार दाखवणाऱ्या रेषा नव्हत्या. रस्ता सरळ होता. दमलेल्या मुलीला संध्याकाळच्या उजेडात काकाचे शब्द आठवले आणि तिने ते रस्त्यावर पाहिले, असं मी स्वतःला समजावलं. प्रवासी बहुधा असंच करतात. मनात एक शहर घेऊन जातात, तेच पहिल्या दिवशी पाहतात, आणि दुसऱ्या दिवशी खरं शहर त्यांना भेटतं. मी विद्यार्थ्यांना हे सांगत असे. पायरीचं पाणी मात्र या समजुतीत बसेना. तिनेही ती पायरी लहानपणापासून पाहिली होती, म्हणजे तीही तिच्या मनातूनच आली असणार, असं शेवटी मी ठरवलं.

दसऱ्याला महादूने वहाणांचा जुना जोड उचलला आणि उलटा करून बराच वेळ पाहत राहिला. मग मला हाक मारली.

"हेका काय म्हणतास, मास्तरानू?"

तळव्यांना माती नव्हती. काळपट, चिकट काहीतरी होतं, त्यात करड्या दगडाचा बारीक चुरा रुतून बसला होता. मी वास घेतला. कोळशाच्या धुरासारखा होता.

"डांबर असेल," मी म्हणालो.

"आपल्याकडे डांबर खंय आसा?"

नव्हतं. कुडाळच्या पुढे हमरस्त्यावर होतं. महादूने जोड गोणपाटात गुंडाळला आणि या वेळी तंबाखू मळली नाही.

५

त्याच हंगामात चंद्रावतीला पुन्हा बोलावणं आलं, या खेपेला दोन वर्षांसाठी. काशीरामाला ते आवडलं नव्हतं, पण तो अडवणार नव्हता. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "माझां एकच आसा. पोचव आणि परत हाड, इतक्याच सांगतंय मी देवाक."

मी नकाशा घडी करून खिशात ठेवून पारावर गेलो. खरा रस्ता सांगायचा, असं मी ठरवलं होतं. महादूने गाऱ्हाणं घातलं, माणसांनी होय म्हटलं आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"रस्तो तोच मा?" महादूने विचारलं.

"तोच सांगा, काका," चंद्रावती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं, हट्ट म्हणावा असं. "माका ती वाट परत बगूची आसा."

"गेल्या खेपेक बरी पोचली," काशीराम म्हणाला. "बदलू नको, भाऊ."

नकाशा खिशातच राहिला. शब्दांनी रस्ते होत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी पूल सांगितला, उतार सांगितला, पायऱ्या, वळण, चौक, हिरवं दार. या वेळी प्रत्येक शब्दाबरोबर मला आमची पाणंद दिसत होती, आणि मी काहीच करू शकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीचा भोंगा झाला. काशीराम ट्रंक घेऊन आधीच जेटीवर गेला होता. चंद्रावती आणि मी पाणंद उतरू लागलो. ऊन कडक होतं. कोरड्या हवेत चिऱ्यांचा वास येत होता. पायऱ्यांवर मला दम लागला आणि मी गडग्याला टेकलो.

"तुमी सावकाश येवा," ती म्हणाली. खचलेली पायरी तिने ओलांडली, वळणाकडे गेली आणि वळली.

पहिल्यांदा काठीचा आवाज आला. ठक, ठक. वळणापलीकडे जेटीपर्यंत मातीच आहे, आणि मातीवर काठी टेकली की असा आवाज होत नाही. दगडी फरसबंदीवर होतो. मग कुठूनतरी घंटा वाजली, घाईची, दोनदा. देवळाची नव्हे. मी उठून जमेल तेवढ्या वेगाने वळणापर्यंत गेलो.

समुद्र नव्हता. ओले काळे दगड होते आणि वर करडा उजेड. खूप उंचावर खिडक्यांची एक रांग, त्यांतल्या एकीत दिवा. गार वारा माझ्या चेहऱ्यावर आला. हे सगळं डोळा मिटून उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढंच. मग समुद्र होता, जेटी होती, बोटीपर्यंत नेणारा पडाव होता, आणि पडावात ट्रंकेवर बसलेला काशीराम उभा राहून माझ्या मागे पाहत होता.

"चंद्रा खंय?" त्याने विचारलं.

६

पाणंदीला दुसरी वाट नाही. तरी गडग्यांपलीकडच्या बागा शोधल्या, विहिरीत गळ टाकले, मालवणहून फौजदार आला. उन्हाने मला भोवळ आली असावी आणि त्या वेळात ती कुठेतरी गेली असावी, असं त्याने लिहून घेतलं. मलाही ते पटण्यासारखं वाटलं. बोट निघून गेली. ट्रंक बोटीबरोबर गेली, कारण ती उतरवून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

काशीराम जेवेनासा झाला. एका संध्याकाळी महादू माझ्या पडवीच्या पायरीवर येऊन बसला.

"उलटां गाऱ्हाणां घालया," तो म्हणाला. "होडयेक घालतो, तसाच."

"आणि मी काय सांगू?"

"तुमीच धाडलात. तुमीच हाडूक व्हया." त्यात आरोप नव्हता. नांगर ज्याने टाकला त्यानेच ओढायचा, तसं तो बोलत होता.

सूर्य बुडण्याआधी आम्ही पारावर जमलो. काशीराम माझ्या शेजारी उभा होता. महादूने गाऱ्हाणं घातलं आणि माझ्याकडे मान वळवली. मी हिरव्या दारापासून सुरुवात केली.

"दार उघडून बाहेर यायचं."

"होय म्हाराजा," माणसं म्हणाली.

"चौक ओलांडायचा."

"होय म्हाराजा." या वेळी माणसांचं म्हणून झाल्यावर, किंचित उशिराने, आणखी एक आवाज आला. खालून, वळणाकडून. बाईचा. शेवंतीने तोंडावर पदर घेतला. काशीरामाने माझं मनगट धरलं.

"वळण घ्यायचं. पायऱ्या चढायच्या."

"होय म्हाराजा." आता जवळून. काठी दगडावर वाजत होती, मग मातीवर. खचलेल्या पायरीतलं पाणी उडाल्याचा आवाज आला. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते, ती पायरी कोरडी होती. दुपारीच मी पाहिली होती.

शेवटच्या गडग्याच्या आडोशाला पावलं थांबली. चिऱ्यांखालच्या फटीतून मला मोठ्या वहाणा दिसल्या, ओल्या, करड्या. त्यांच्या मागे लुगड्याचा काठ. त्यावर काही नव्हतं, निदान मला दिसलं नाही. संधिप्रकाश होता आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता.

"खूण," महादू हलक्या आवाजात म्हणाला. "खूण सांगा, मास्तरानू."

मी सांगू लागलो. उंची बापाएवढी. कपाळ रुंद. आवाज जाडसर. भुवई तुटलेली.

"खंयची?" महादूने विचारलं.

मी थांबलो. न पाहिलेलं शहर मी दगड न् दगड सांगितलं होतं. ही मुलगी माझ्या घरात वाढली होती, माझ्यासमोर बसून शेकडो वेळा जेवली होती. गरी मी माझ्या हातांनी काढली होती. तेव्हा ती माझ्यासमोर उभी होती, म्हणजे माझ्या डावीकडची तिची उजवी. की मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं? मी काशीरामाकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ घट्ट होते. त्याने बोलायचं नव्हतं. त्याच्या बोटांनी माझ्या मनगटावर काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, एवढं मला जाणवलं. काय, ते कळलं नाही.

गडग्याआड लुगड्याचा काठ हलला, परत फिरावं तसा.

"डावी," मी म्हणालो.

"होय म्हाराजा," ती म्हणाली आणि गडग्याच्या बाहेर आली.

७

याला आता काही वर्षं झाली. तिचा दवाखाना चालतो. मधे काय झालं ते तिला आठवत नाही. भोवळ आली असावी, असं तीच म्हणते. ती प्रेमळ आहे, हसते, बापाला वेळेवर वाढते. वहाणांच्या जोडाला पुन्हा तांबडी माती लागते. आता रस्ता सांगायला मला कुणी बोलावत नाही.

काशीरामाच्या ओटीवर तिचा पदवीच्या वेळचा एक फोटो होता. तो भिंतीवर नाही. भिंतीचा तेवढा भाग पांढरा राहिला आहे. फोटो कुणी काढला, कुठे ठेवला, हे मी विचारलेलं नाही. माझी आठवण बरोबर असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि माझ्या वयाला निम्मी शक्यता पुष्कळ झाली.

गेल्या महिन्यात तिने माझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली. पट्टी सोडली तेव्हा सकाळ होती. ती माझ्या तोंडावर वाकली होती, इतकी जवळ की तिच्या डाव्या भुवईतली खाच मला स्वच्छ दिसली. कडा नीट होत्या. मी सांगितल्या असत्या तशा.

"आता बरोबर दिसता मा, काका?" तिने विचारलं.

मी होय म्हटलं.

काशीराम दारात उभा होता. तो आमच्याकडेच पाहत होता. तिच्याशी बोलताना तो नेहमी जिथे पाहतो तिथेच त्याची नजर होती, तिच्या उजव्या भुवईवर, जिथे सगळे केस जागच्या जागी होते.